भूतकाळ एकदाच लावायचा: ‘वेन्ट टू बाय’ मराठीतून शिकताना

‘आय वेन्ट टू बॉट व्हेजिटेबल्स.’

बडोद्यात दांडिया बाजारजवळ मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. नवीन तुकडीच्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य, किंवा याचंच एखादं भावंड, कानावर येतंच. बोलणारी माणसं चांगली हुशार असतात. घरी मराठी, दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी अशी तीन भाषांत त्यांची रोजची ये-जा असते. म्हणजे ही चूक भाषेची जाण नसल्यामुळे होत नाही, ती धास्तीमुळे होते. गोष्ट कालची, म्हणून वाक्यातलं प्रत्येक क्रियापद कालचंच हवं, असं मनानं घेतलेलं असतं.

अशा वेळी मी इंग्रजी बाजूला ठेवून एक मराठी वाक्य बोलायला लावते: ‘मी भाजी घ्यायला गेलो.’ आता हेच उद्याचं करा: ‘घ्यायला जाईन.’ रोजचं करा: ‘घ्यायला जातो.’ काळ बदलला तो फक्त शेवटच्या शब्दात. ‘घ्यायला’ जागचं हललं नाही. इंग्रजीतलं ‘टू बाय’ हे आपलं ‘घ्यायला’च आहे. ‘गो’चं ‘वेन्ट’ झालं, तरी ‘टू बाय’ तसंच राहतं. ज्यांची शाळा गुजराती माध्यमाची होती त्यांना तर हे आणखी जवळचं वाटेल. ‘शाक लेवा गयो, शाक लेवा जईश’ यातलं ‘लेवा’ म्हणजे व्याकरणाच्या तासाला घोकलेलं हेत्वर्थ कृदंत. इंग्रजीत त्यालाच इन्फिनिटिव्ह म्हणतात.

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. एका वाक्यात भूतकाळ एका क्रियापदाला लागतो. ‘टू’च्या मागून येणारं क्रियापद शब्दकोशात असतं तसंच ठेवायचं.

पायरी पहिली: काळ कुणाच्या अंगावर आहे ते शोधा

इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठी वाक्य मनात म्हणा आणि शेवटच्या क्रियापदावर बोट ठेवा. ‘विसरले’, ‘ठरवलं’, ‘सांगितलं’, ‘आले’, जे असेल ते. इंग्रजीत फक्त त्याचंच भूतकाळी रूप शोधायचं. ‘छत्री आणायला विसरले’: ‘आय फरगॉट टू ब्रिंग द अम्ब्रेला.’ ‘पावागडला जायचं ठरवलं’: ‘वी डिसायडेड टू गो टू पावागड.’ या दुसऱ्या वाक्यात ‘जायला’ नसून ‘जायचं’ आहे, पण ठरवणं, कबूल करणं, वचन देणं यांच्या पुढे ‘-आयचं’लाही ‘टू’च लागतो.

‘डिड’ आला की भूतकाळ उडी मारून त्याच्याकडे जातो आणि पहिलं क्रियापदही मूळ रूपात येतं. ‘आय डिड नॉट वेन्ट’ असं न म्हणता ‘आय डिड नॉट गो टू बाय एनिथिंग’ म्हणायचं. प्रश्नातही तसंच: ‘डिड यू फरगेट टू कॉल हिम?’

सुरुवातीला पाठांतरासाठी मी मोजकीच क्रियापदं देते: वेन्ट, केम, टोल्ड, फरगॉट, लेफ्ट, सेन्ट, टॉट, बिगॅन, चोझ. ही वेडीवाकडी आहेत, म्हणून पाठ करावी लागतात. वॉन्टेड, डिसायडेड, ट्राइड, आस्क्ड, प्रॉमिस्ड, अग्रीड, रिफ्यूज्ड, हेल्प्ड ही सरळ आहेत. दोन्ही मिळून रोजच्या बोलण्याचा बराच भाग भागतो. उच्चाराचं एक सांगायला हवं. ‘आस्क्ड टू’ किंवा ‘यूज्ड टू’ बोलताना मधला ‘ड’ ऐकूच येत नाही, ‘यूस्टू’ असा एकच शब्द कानावर पडतो. बोलताना तो गिळला तरी चालेल, लिहिताना मात्र विसरू नका.

पायरी दुसरी: मराठी वाक्य शेवटाकडून वाचा

ही पायरी मला सगळ्यांत आवडते, कारण इथे वर्गातले चेहरे खुलतात. हे वाक्य घ्या:

‘मी काल खंडेराव मार्केटमधून आईसाठी भाजी घ्यायला गेलो.’

‘मी’ पुढेच ठेवा आणि बाकीचं शेवटाकडून सुरू करा. गेलो, घ्यायला, भाजी, आईसाठी, खंडेराव मार्केटमधून, काल. आता प्रत्येक तुकड्याचं इंग्रजी करा: ‘आय वेन्ट, टू बाय, व्हेजिटेबल्स, फॉर माय मदर, फ्रॉम खंडेराव मार्केट, येस्टरडे.’ वाक्य तयार झालं.

यात जादू काही नाही. मराठीत क्रियापद शेवटी बसतं आणि बाकीचे तुकडे त्याच्याआधी रांग लावतात. इंग्रजीत क्रियापद पुढे जातं आणि रांग त्याच्यामागे लागते. तुकड्याच्या आतही तीच उलटापालट आहे. आपण ‘आई’ला मागून ‘साठी’ चिकटवतो, ‘मार्केट’ला मागून ‘मधून’ चिकटवतो. इंग्रजीत ‘फॉर’ आणि ‘फ्रॉम’ नामाच्या आधी उभे राहतात. म्हणून त्यांना प्रिपोझिशन म्हणायचं, आपल्याकडे शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तीचा प्रत्यय.

मराठीत तुकड्यांची अदलाबदल खपते. ‘आईसाठी काल भाजी घ्यायला गेलो’ हेही मराठीच आहे. म्हणून उलटं वाचून झाल्यावर एकदा तपासा: आधी स्थळ, मग काळ. ‘येस्टरडे’, ‘ॲट फाइव्ह’, ‘ऑन मंडे’ हे शेवटी, नाहीतर सरळ वाक्याच्या सुरुवातीला. मधे कुठेतरी अडकलेले शोभत नाहीत.

पायरी तिसरी: ‘ला’चे तीन चेहरे

आता अवघड भाग. बडोद्याच्या मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त घोटाळा करतो तो आपला छोटासा ‘ला’.

‘मी मावशीला भेटायला रावपुऱ्याला गेले.’

तीन वेळा ‘ला’ आहे. मग तीन वेळा ‘टू’ लावायचा का? वर्गातून ‘आय वेन्ट टू मीट टू माय आन्ट टू रावपुरा’ असं येतंच. यातल्या ‘ला’ची कामं वेगवेगळी आहेत. ‘भेटायला’तला क्रियापदाला लागला आहे, तो हेतू सांगतो, म्हणून ‘टू मीट’. ‘रावपुऱ्याला’तला दिशा सांगतो, म्हणून ‘टू रावपुरा’. ‘मावशीला’तला फक्त भेट कुणाची ते दाखवतो, आणि ‘मीट’ला मधे कुणाची मदत लागत नाही, म्हणून नुसतं ‘माय आन्ट’. सगळं मिळून ‘आय वेन्ट टू रावपुरा टू मीट माय आन्ट.’ ठिकाण आधी घेतलं, कारण ‘गेले’शी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. शिवाय ‘मीट माय आन्ट टू रावपुरा’ असं जवळ आलं तर ऐकणारा गोंधळतो.

कोणत्या क्रियापदाला मधला शब्द नको असतो? ‘रीच’ला नको. ‘स्टेशनला पोचलो’ म्हणजे ‘रीच्ड द स्टेशन’. ‘आस्क’ आणि ‘टेल’ला नको. ‘त्याला सांगितलं’ म्हणजे ‘टोल्ड हिम’. ‘मॅरी’ला नको, ‘एन्टर’ला नको, ‘डिस्कस’लाही नको. उलट जिथे मराठीत काहीच नाही तिथे इंग्रजीत लागतो, असंही होतं. ‘गाणं ऐकलं’: ‘लिसन्ड टू द साँग’. ‘बसची वाट पाहिली’: ‘वेटेड फॉर द बस’. ‘किल्ली शोधली’: ‘लुक्ड फॉर द की’. याला नियम नाही. क्रियापद पाठ करताना त्याचा सोबती शब्दही त्याच्यासह पाठ करावा. ‘वेट’ असं नुसतं न लिहिता वहीत ‘वेट फॉर’ असंच लिहा.

एक जुळणी मात्र सुखद आहे. ‘घरी गेलो’, ‘इथे आलो’, ‘बाहेर गेलो’ यांत आपण ‘ला’ लावत नाही, आणि इंग्रजीतही ‘टू’ लागत नाही: ‘वेन्ट होम’, ‘केम हिअर’, ‘वेन्ट आउट’. ‘वेन्ट टू होम’ म्हणणाऱ्याला मी विचारते, ‘घरीला गेलात का?’

याउलट ‘बँकेत गेले’, ‘शाळेत गेला’ यांतला ‘त’ फसवतो. हालचालीच्या क्रियापदानंतर तिथे ‘टू’ येतो: ‘वेन्ट टू द बँक’. तिथे पोचल्यावर जे घडलं ते सांगताना ‘ॲट’ किंवा ‘इन’: ‘आय स्टुड इन द क्यू ॲट द बँक टू ओपन ॲन अकाउंट.’ ‘स्टेशनवर’ म्हणजे ‘ॲट द स्टेशन’. ‘ऑन’ नाही. ‘बसमध्ये’ म्हणजे ‘ऑन द बस’, रिक्षात बसलात तर ‘इन अ रिक्षा’. वाराला ‘ऑन’, घड्याळाला ‘ॲट’, साल-महिन्याला ‘इन’.

‘साठी’चा सापळा

‘भाजी घेण्यासाठी’ म्हटलं की मनात लगेच ‘फॉर’ उगवतो आणि ‘वेन्ट फॉर बाय’ किंवा ‘वेन्ट फॉर टू बाय’ तोंडून निघून जातं. उपाय सोपा आहे. ‘साठी’ नामाला लागला असेल तर ‘फॉर’, क्रियापदाला लागला असेल तर ‘टू’. ‘आईसाठी’: ‘फॉर माय मदर’. ‘आईला भेटण्यासाठी’: ‘टू मीट माय मदर’. ‘साठी’च्या जागी ‘-आयला’ घालून बघा. ‘भेटायला’ चालतं, म्हणजे ‘टू’. ‘आईयला’ असा शब्दच नाही, म्हणजे ‘फॉर’.

नोकरीच्या मुलाखतीत याला खरी किंमत येते. आधीची नोकरी का सोडली, हा प्रश्न येतोच. आमच्या वर्गातल्या एक ताई त्या वेळी आईच्या आजारपणासाठी घरी बसल्या होत्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं सच्चं कारण होतं, पण ‘फॉर’ आणि ‘बिकॉज’मध्ये गुरफटून त्या गप्पच व्हायच्या. आम्ही ते एका ओळीत बसवलं: ‘आय लेफ्ट माय जॉब टू लुक आफ्टर माय मदर.’ ‘लेफ्ट’मध्ये भूतकाळ, ‘टू लुक आफ्टर’मध्ये कारण. त्याला पुढे जोडा: ‘आय वॉन्टेड टू स्टे विथ हर फॉर अ इयर.’ एवढ्यावर समोरच्याचा प्रश्न संपतो. तुमचंही कारण असंच एका ‘लेफ्ट टू’मध्ये लिहून ठेवा आणि आरशासमोर म्हणा.

मधे माणूस आला की

‘डॉक्टरांनी मला सोमवारी यायला सांगितलं.’ इथे सांगणारे एक, येणारी दुसरी. येणारी व्यक्ती इंग्रजीत दोन क्रियापदांच्या मधे बसते: ‘द डॉक्टर टोल्ड मी टू कम ऑन मंडे.’ आस्क्ड, हेल्प्ड, टॉट, सेन्ट, इन्व्हायटेड, वॉन्टेड ही सगळी याच घरातली. ‘वॉन्टेड’ नीट लक्षात घ्या, कारण तिथे मराठीची रचना वेगळी आहे. ‘मी इंजिनिअर व्हावं अशी बाबांची इच्छा होती’ हे इंग्रजीत ‘माय फादर वॉन्टेड मी टू बी ॲन इंजिनिअर’ असं होतं. ‘व्हावं’ आणि ‘अशी’ कुठेच नाहीत, एकटा ‘टू बी’ सगळं उचलतो.

‘नको’ म्हणायचं असेल तर ‘नॉट’ला ‘टू’च्या आधी बसवा. ‘येऊ नको म्हणून सांगितलं’: ‘टोल्ड मी नॉट टू कम’. ‘जायचं नाही असं ठरवलं’ आणि ‘जायचं ठरवलं नाही’ यांत मराठीत जो फरक आहे, तोच ‘डिसायडेड नॉट टू गो’ आणि ‘डिड नॉट डिसाइड टू गो’ यांत आहे. पहिल्यात निर्णय झाला, दुसऱ्यात झालाच नाही.

याच घरातली काही क्रियापदं मात्र ‘टू’ घेत नाहीत. त्यांतली रोज लागणारी दोन: ‘लेट’ आणि ‘मेड’. ‘मला जाऊ दिलं’: ‘लेट मी गो’. बघा, इथे मराठीतही ‘जायला’ नाही, ‘जाऊ’ आहे. ‘जाऊ शकलो’मध्येही ‘जाऊ’ आहे आणि इंग्रजीत ‘कुड गो’, तिथेही ‘टू’ नाही. ही खूण कामाची आहे, मात्र ‘मेड’ तिला दाद देत नाही. ‘मला थांबायला लावलं’ हे ‘मेड मी वेट’च राहतं. तेवढं वेगळं लक्षात ठेवा.

चहा प्यायला थांबलो की चहा पिणं थांबवलं?

काही क्रियापदांपुढे ‘टू’ येतो तसा ‘-इंग’ही येतो, आणि अर्थ पार बदलतो. ‘वी स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे सूरसागरच्या कडेला गाडी उभी करून चहा घेतला. ‘वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चहा बंद केला. मराठी कान हा फरक आधीच ओळखतो. पहिलं ‘प्यायला’, दुसरं ‘पिणं’. ‘-आयला’ असेल तिथे ‘टू’, ‘-णं’ असेल तिथे ‘-इंग’. ‘भेटणं टाळलं’: ‘अव्हॉइडेड मीटिंग’. ‘लिहिणं संपवलं’: ‘फिनिश्ड रायटिंग’. हा आडाखा दर वेळी बरोबर येईल असं नाही, तरी अंधारात चाचपडण्यापेक्षा खूप बरा.

‘रिमेम्बर’ची जोडी तर मराठीतून समजून घेण्यात मजा आहे. ‘आय रिमेम्बर्ड टू लॉक द डोअर’: आठवणीनं कुलूप लावलं. ‘आय रिमेम्बर्ड लॉकिंग द डोअर’: कुलूप लावल्याचं आठवलं. पहिल्यात आठवण आधी आणि कुलूप नंतर, दुसऱ्यात कुलूप आधी आणि आठवण नंतर. ‘टू’ नेहमी पुढे बघतो.

आणि ‘आम्ही जायचो’? लहानपणी दर रविवारी कमाटीबागेत जायचो, सेव उसळ खायचो. या ‘-आयचो’साठी इंग्रजीत ‘यूज्ड टू’ आहे: ‘वी यूज्ड टू गो टू कमाटीबाग ऑन सन्डेज.’

बडोद्याच्या इतिहासातून सराव

पुस्तकातली जॉन आणि मेरीची वाक्यं मी वर्गात आणत नाही. आपल्या शहरात घडलेलं सांगायला लागलं की भूतकाळ आपोआप येतो आणि वाक्य लक्षात राहतं.

खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईंनी १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातला एक मुलगा दत्तक घेतला, तेच पुढे सयाजीराव. ‘इन १८७५ जमनाबाई चोझ अ बॉय फ्रॉम कवळाणे टू सिट ऑन द थ्रोन ऑफ बडोदा.’ त्या वेळी कशाला आलास असं विचारल्यावर मुलानं ‘राज्य करायला’ असं उत्तर दिलं, ही गोष्ट बडोद्यातल्या घराघरांत सांगतात. तेही इंग्रजीत बसवा: ‘आय केम टू रूल.’ चारच शब्द आहेत आणि या लेखाचा सगळा नियम त्यांत आहे. याच राजानं १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ठरवलं: ‘ही डिसायडेड टू मेक प्रायमरी एज्युकेशन कम्पल्सरी.’

दुसरा उतारा जड आहे, पण मी तो प्रत्येक तुकडीला देते. ‘इन १९१३ आंबेडकर वेन्ट टू न्यूयॉर्क टू स्टडी ॲट कोलंबिया युनिव्हर्सिटी ऑन अ स्कॉलरशिप फ्रॉम बडोदा. इन १९१७ ही केम टू बडोदा टू वर्क फॉर द स्टेट. ही ट्राइड टू फाइंड अ प्लेस टू लिव्ह इन द सिटी. पीपल रिफ्यूज्ड टू टेक हिम इन. ही वेटेड इन द पब्लिक गार्डन फॉर द ट्रेन टू बॉम्बे.’ ती बाग म्हणजे आपली कमाटीबाग, आज तिथे ‘संकल्पभूमी’ हे त्यांचं स्मारक आहे.

या पाच वाक्यांत आपण शिकलेलं जवळजवळ सगळं आहे. ‘टू’ किती वेळा आला ते मोजा आणि प्रत्येकाच्या खाली खूण करा: ठिकाणाचा की क्रियापदाचा? ‘ट्राइड टू’वर थोडं थांबा. तो फक्त प्रयत्न झाल्याचं सांगतो, यश मिळालं की नाही ते सांगत नाही. ते पुढचं वाक्य सांगतं. जागा मिळाली असती तर तिथे ‘मॅनेज्ड टू फाइंड’ आलं असतं. एवढ्या छोट्या क्रियापदाच्या निवडीत एका माणसावर झालेला अन्याय मावतो, म्हणून ती निवड बेफिकिरीनं करू नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटची पायरी: तुकडा कुणाला चिकटतो ते पाहा

‘शी प्रॉमिस्ड टू कॉल मी ऑन सन्डे.’ वचन रविवारी दिलं, की फोन रविवारी करणार? ऐकणारा बहुधा दुसरा अर्थ घेईल, कारण ‘ऑन सन्डे’ हा तुकडा ‘कॉल’च्या जवळ आहे. वचन रविवारी दिलं असेल तर तो उचलून सुरुवातीला ठेवा: ‘ऑन सन्डे शी प्रॉमिस्ड टू कॉल मी.’ कोर्टाची तारीख, व्हिसाची मुलाखत, दवाखान्याची वेळ असं काही लिहिताना हे जरूर तपासा. तिथे एक तुकडा चुकीच्या ठिकाणी बसला तर माणूस चुकीच्या दिवशी दारात उभा राहतो.

घरी रोज रात्री पाच वाक्यं करा. दिवसभरात कुठे गेलात आणि कशाला, कुणी काय करायला सांगितलं, काय करायचं विसरलात, कोणासाठी थांबलात, काय करायला नकार दिला. आधी मराठीत मोठ्यानं म्हणा, मग शेवटाकडून वाचत इंग्रजी करा आणि वहीत देवनागरीतच लिहा, स्पेलिंगची काळजी नंतर. लिहून झालं की प्रत्येक वाक्यातल्या भूतकाळी क्रियापदाभोवती गोल काढा. एका वाक्यात दोन गोल दिसले, तर दुसऱ्याच्या आधी ‘टू’ आहे का ते बघा. असेल, तर तो दुसरा गोल खोडा आणि क्रियापद मूळ रूपात लिहा.